पंच्याऐंशी पोरांची पंगत

अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधली मॅच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये माझा लेफ्ट टॅकल, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू अडवून धरणारा गडी, गुडघा धरून बसला. त्याच्या जागी धावत आला तो पहिल्या वर्षाचा, ६१ रेटिंगचा (रेटिंग म्हणजे गेमनं कौशल्याला दिलेले गुण) पोरगा, आणि त्याच्यासमोर उभा होता ८४चा डिफेन्सिव्ह एंड, क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. पुढच्या दहा-बारा प्लेमध्ये, म्हणजे बॉलच्या डावांमध्ये, माझा क्वार्टरबॅक तीनदा आडवा झाला, चौथ्यांदा त्याच्या हातून बॉल सुटला, आणि चौदा गुणांनी खिशात घातलेली मॅच मी तीन गुणांनी घालवली. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हा तमाशा बघत बसलेला माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, तुझ्याकडे ८५ पोरं आहेत म्हणालास ना? मग एकाचा गुडघा गेला तर एवढं काय रे कोसळलं?"

मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं की ती मॅच मी दोन सीझनआधीच हरलो होतो. तेव्हा रिक्रूटिंगच्या, म्हणजे नव्या पोरांच्या भरतीच्या, पानावर बसून चार दिमाखदार वाइड रिसीव्हरांच्या (लांबचा बॉल झेलणाऱ्यांच्या) मागे धावलो आणि लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत धडक घेणारा गडी, मात्र एकच घेतला. या गेममध्ये चूक आज होते आणि वसुलीला दोन-तीन वर्षांनी येते. त्यामुळे नवीन माणसाला कळतच नाही की आपलं नेमकं कुठे चुकलं. म्हणून संघ कसा भरायचा ते सांगायचा हा खटाटोप.

आधी गेम कुठला ते सांगतो. ईए स्पोर्ट्सचा 'कॉलेज फुटबॉल २५' जुलै २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिजवर आला. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन, हेल्मेटवाला. त्याच्या आधीचा गेम होता 'एनसीएए फुटबॉल १४', जुलै २०१३चा (एनसीएए म्हणजे अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी संघटना). मधली अकरा वर्षं काहीच नाही. कारण यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉल खेळाडू एड ओ'बॅनन यानं २००९ मध्ये कोर्टात विचारलं की आमचे चेहरे-मोहरे वापरून तुम्ही पैसे कमावता, मग आम्हाला त्यातलं काय? जुन्या गेममध्ये खेळाडूंची नावं नसायची, पण जर्सीचा नंबर, उंची, अंगकाठी सगळं तंतोतंत असायचं. पुढे १ जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली आणि गेमचा रस्ता मोकळा झाला. २०२४ला ज्या खेळाडूंनी होकार दिला त्यांना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली.

गंमत अशी की या खऱ्या नावांचं गेममधलं आयुष्य जेमतेम चार-पाच वर्षांचं. डायनेस्टी मोडमध्ये तुम्ही एका कॉलेजचे कोच होता आणि ३० सीझनपर्यंत संसार चालवू शकता. खरे खेळाडू पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी येणारी शाळकरी मुलं गेमनं स्वतः घडवलेली असतात. सहाव्या सीझनला संघात ओळखीचं एक नाव उरत नाही. जो काही संघ असतो तो तुम्ही जमवलेला. चांगला असेल तर तुमच्यामुळे, फाटका असेल तर तोही तुमच्यामुळेच.

आता ८५कडे येऊ. कबड्डीत सात मैदानात, पाच बाहेर, विषय संपला. इथे हल्ला करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, शिवाय लाथेने गोल मारणारा एक किकर आणि बॉल लांब लाथाडून समोरच्यांकडे देणारा एक पंटर. म्हणजे चोवीस. मग उरलेले एकसष्ट कशाला? आपल्याकडच्या लग्नातली पंगत आठवा. पहिली पंगत जेवायला बसलेली, दुसरी भिंतीला टेकून ताटांकडे बघत उभी, तिसरी अंगणात गप्पा मारतेय, आणि चौथी अजून गावाहून टेम्पोतून निघालीय. कॉलेजचा संघ अगदी असाच असतो, कारण गेममध्ये कुणीही चार सीझनपेक्षा जास्त खेळू शकत नाही. दरवर्षी पहिली पंगत उठते. ८५ला चारने भागा: साधारण एकवीस जागा दरवर्षी रिकाम्या होणारच, तुम्ही कितीही जिंकलात तरी. रोस्टरची, म्हणजे संघाच्या यादीची, खोली म्हणतात ती ही. बाकावर माणसं किती बसलीत हा भाग सोपा. कोण कुठल्या वर्षी उठणार आणि त्याच्या ताटावर कोण बसणार, हे आज सांगता येणं हा अवघड.

८५ हा आकडाही उगाच आलेला नाही. एके काळी मोठी कॉलेजं वाटेल तेवढी मुलं भरून ठेवायची, आपल्याला लागोत न लागोत, शेजारच्याला मिळू नयेत म्हणून. एनसीएएनं १९७३ मध्ये संघातल्या खेळाडूंना देता येणाऱ्या शिष्यवृत्त्यांवर १०५ची मर्यादा घातली, नंतर ती ९५वर आणली आणि १९९०च्या दशकात ८५वर. २०२५च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर खऱ्या जगात हा हिशोब बदलला आणि संघाची मर्यादा १०५ खेळाडूंची झाली. गेममध्ये मात्र गाठ ८५शीच.

या ८५ची माझी वाटणी अशी: चार क्वार्टरबॅक, पाच रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे), दहा रिसीव्हर, पाच टाइट एंड (थोडं झेलणारे, थोडं धडकणारे), सोळा ऑफेन्सिव्ह लाइनमन. हे झाले चाळीस. बचावात सोळा डिफेन्सिव्ह लाइनमन, दहा लाइनबॅकर (त्यांच्या मागची फळी), दहा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला चिकटून पळणारे), सात सेफ्टी (सगळ्यात मागचे राखणदार). त्रेचाळीस. वर किकर-पंटरची जोडी. यावर वाद घालणारे भरपूर भेटतील, चार रिसीव्हर लावून खेळणाऱ्याला बारा रिसीव्हर लागतील आणि दोनच टाइट एंड पुरतील. पण सोळा लाइनमनवर मी हटून बसतो. लाइनमध्ये एका वेळी पाच जण असतात, ते प्रत्येक प्लेला धडकतात, आणि अठरा वर्षांचा कच्चा पोरगा तिथे लपवता येत नाही. कच्चा रिसीव्हर असला तर त्याच्याकडे बॉल टाकू नका, झालं. कच्च्या टॅकलकडे मात्र समोरचा एंडच धावत येतो. त्यातून लेफ्ट टॅकल उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ राखतो. तिथून आलेला माणूस क्वार्टरबॅकला दिसतही नाही.

'२५'मध्ये अंगाची झीज मोजायची पद्धतही आली. प्रत्येक धडकेचा हिशोब खेळाडूच्या त्या त्या अवयवावर जमा होत जातो, खांदा, गुडघा, घोटा, आणि रेटिंग हळूहळू खाली घसरतं. सप्टेंबरमधला ८२चा रनिंग बॅक नोव्हेंबरमध्ये ८२चा राहत नाही. दुसरी पंगत लागते ती इथेही.

पोरं आणायची कशी? रिक्रूटिंग तासांवर चालतं. दर आठवड्याला तुम्हाला ठरावीक तास मिळतात, मोठ्या कॉलेजला जास्त, लहानाला कमी. यादीत जास्तीत जास्त ३५ मुलं ठेवता येतात. आणि एका मुलावर एका आठवड्यात साधारणपणे ५० तासांच्या वर खर्च करता येत नाहीत. सोशल मीडिया चाळायचा तर ५ तास, मुलाला थेट मेसेज करायचा तर १०, नातेवाईक-मित्रांशी बोलायचं तर २५, आणि सगळा लवाजमा घेऊन त्याच्या दारात जायचं तर पूर्ण ५०.

एक उदाहरण जवळून बघू. माझं कॉलेज ओहायोतलं, लहान. टेक्सासमधल्या ह्यूस्टनकडचा एक तीन तारे असलेला टॅकल मला हवा होता. पाचापैकी तीन तारे, म्हणजे ना उंची मिठाई ना शिळी भाकरी. पहिल्या आठवड्यात शिष्यवृत्ती देऊ केली, ५ तास. ही फुकटासारखी गोष्ट नवे लोक उशिरा करतात आणि तोवर बाकीची कॉलेजं पुढे गेलेली असतात. मग स्काउटिंगवर १०-१० तास. स्काउटिंग म्हणजे मुलगी बघायला जाण्याआधी गावातून काढलेली माहिती. तारे दिसतात एक, माल निघतो दुसराच. आत खरंच चांगला निघाला तर हिरवा हिरा दिसतो, पोकळ निघाला तर लाल खूण. माझा टॅकल हिरवा निघाला, आणि मी खुर्चीत सरसावून बसलो.

आता त्याला पटवायचं. प्रत्येक मुलाच्या मनात तीन गोष्टी असतात, एकूण चौदांपैकी: खेळायला किती मिळेल, घरापासून किती लांब, कॉलेजचा इतिहास, स्टेडियममधला जोश, अभ्यासाचा दर्जा, व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायची शक्यता, कोच टिकणार की पळणार, वगैरे. या चौदाही बाबतीत तुमच्या कॉलेजला ए प्लसपासून खाली ग्रेड मिळालेली असते. नातेवाईकांशी बोलल्यावर त्याच्या मनातलं एकेक उघडत जातं. तिन्ही कळली आणि ती तुमच्याकडे खरोखर चांगली असली की मग ४० तासांची जोरदार बोली लावायची. जुळलेली ४० तासांची बोली ५० तासांच्या लवाजम्यापेक्षा जास्त काम करते, हे मला पूर्ण एक सीझन वाया घालवून कळलं. न जुळलेली बोली मात्र शुद्ध पाण्यात जाते. ज्याला घराजवळ राहायचंय त्याला तुम्ही कितीही स्टेडियमची रोषणाई दाखवा, तो ऐकतोय असं फक्त तुम्हालाच वाटतं.

माझ्या टॅकलच्या बाबतीत घर लांब होतं, पण त्याला ते फारसं महत्त्वाचं नव्हतं. शिवाय माझ्या कोचचं टेक्सासशी नातं होतं. गेममध्ये अशी भौगोलिक नाती ठरलेली असतात, त्यांना पाइपलाइन म्हणतात. देशाचे पन्नास तुकडे, प्रत्येक कॉलेजची आणि कोचची कुठे ना कुठे ओळख, आणि ओळख जितकी घट्ट तितका प्रत्येक तासाला भाव जास्त. मी टेक्सासातच, डॅलसजवळ राहतो, त्यामुळे मला हे पटवून द्यावं लागलं नाही. इथे शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावरचे दिवे लागले की रस्ते तुंबतात. आमच्या जवळच्या ॲलन गावातल्या हायस्कूलचं स्टेडियम २०१२ मध्ये उघडलं, तिथे १८,००० माणसं बसतात. शाळेचं स्टेडियम! ज्या प्रदेशात शाळकरी फुटबॉलचं एवढं वेड आहे तिथे मुलंही तितकीच पिकतात, आणि तिथे ओळख असली की लहान कॉलेजचंही भागतं.

मुलाची यादी आक्रसत पाच कॉलेजांवर आली की त्याला आपल्याकडे भेटीला बोलावता येतं, घरच्या मैदानावरच्या मॅचला. मॅच जिंकलात तर त्याच्या मनातलं तुमचं वजन वाढतं. आणि एक बारीक खुबी: त्याच आठवड्यात क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर अशी पूरक जागांवरची मुलं बोलावली तर दोघांवरही चांगला परिणाम होतो. एकाच जागेसाठीचे दोघे बोलावले तर उलटा. एका स्थळाला बघायला दोन मुलं एकाच दिवशी बोलावल्यासारखं ते.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग, आणि इथेच मी सर्वांत जास्त वेळा आपटलोय.

प्रत्येक मुलाची एक अट असते जी मोडली तर तो तुमच्याशी बोलायलाच तयार नसतो. गेममध्ये तिला डीलब्रेकर म्हणतात, आपण 'पहिली अट' म्हणू. आणि बऱ्याच मुलांची पहिली अट असते खेळायला मिळण्याची. आता विचार करा. तुम्ही खोली वाढवायची म्हणून कॉर्नरबॅकच्या जागेवर एकाहून एक सरस दहा मुलं जमवलीत. खुश आहात. पण मैदानात तर दोन-तीनच जाणार. त्यामुळे त्या जागेवरची तुमची 'खेळायला मिळेल' ही ग्रेड घसरते. मग नवा चांगला कॉर्नरबॅक तुमच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि सीझन संपला की बाकावरचे दोघे-तिघे ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत, नाव टाकून मोकळे. खोली वाढवायला गेलात आणि विहीरच बुजली.

म्हणजे दुसऱ्या पंगतीत सगळे पाटलाचेच पाहुणे नकोत. हे माझं मत आहे, आणि त्यावर मी मावसभावाशी तास-तास भांडलोय. तो म्हणतो, "दादा, चांगली पोरं मिळतायत तर घे की! नंतरचं नंतर." मी म्हणतो, प्रत्येक जागेवर वयाची उतरंड हवी. एक शेवटच्या वर्षाचा खेळणारा, एक तिसऱ्या वर्षाचा त्याच्या मागे, एक दुसऱ्या वर्षाचा शिकणारा आणि एक नवा. उतरंडीत वरचं मडकं उचललं की खालचं आपोआप वर येतं. चारही मडकी एकाच आकाराची आणली तर रचताच येत नाहीत.

नव्याला पहिल्या वर्षी रेडशर्ट करायचं. याचा अर्थ त्या वर्षी तो सराव करतो, अभ्यास करतो, पण त्याच्या चारपैकी एकही सीझन खर्ची पडत नाही. त्याला पाच वर्षांत चार सीझन खेळायचे असतात, म्हणून एक वर्ष असं बाजूला ठेवता येतं. २०१८पासून खऱ्या नियमातही चार मॅचपर्यंत खेळला तरी रेडशर्ट जात नाही, आणि गेममध्येही चारचीच मुभा आहे. लाइनमनसाठी हे वर्ष सोन्याचं. सीझन संपल्यावरच्या सरावाच्या निकालात हीच पोरं चार-पाच अंकांनी वर येताना दिसतात. किती वर येतील हे त्यांच्या घडणीच्या गुणावर असतं, त्याचे चार दर्जे: साधा, इम्पॅक्ट, स्टार आणि एलिट. तीन ताऱ्यांचा पण एलिट घडणीचा मुलगा चौथ्या वर्षी पाच ताऱ्यांच्या साध्या मुलाला मागे टाकू शकतो. धीर हवा फक्त.

पोर्टलबद्दल थोडक्यात. सीझन संपल्यावर चार आठवडे बाजार भरतो, दुसऱ्या कॉलेजांतून नाराज होऊन निघालेली मुलं मिळतात. तयार माल, लगेच खेळवता येतो. पण हा उसना कांदा आहे, भाजीपुरता. ज्या वर्षी उतरंडीत खरोखरच भगदाड पडलं असेल त्या वर्षी तेवढ्या जागेपुरता घ्यावा. पोर्टलवरच संघ चालवणारे कोच दरवर्षी तोच बाजार करत बसतात. शेवटी संख्या ८५च्या वर गेली तर कुणाला तरी निरोपही द्यावा लागतो, आणि ते खोटं पोर असलं तरी बटण दाबताना हात जरा थांबतो.

त्या हरलेल्या मॅचनंतर मी गेम बंद करून एक एक्सेल शीट उघडली. आडव्या ओळीत जागा, उभ्या रकान्यांत पुढची चार वर्षं, प्रत्येक चौकोनात त्या वर्षी उरणारी मुलं. टॅकलच्या ओळीत पहिल्या वर्षी चार नावं होती, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक. चौथा चौकोन कोरा. चार मिनिटांचं काम, पण ते कोरं खोकं बघून पोटात गोळा आला. तेव्हापासून दर प्रीसीझनला मी ताऱ्यांच्या आधी ही शीट उघडतो. ज्या ओळीत दोन वर्षांनंतरचा चौकोन रिकामा, त्या जागेची चार मुलं यादीत आधी भरायची, मग उरलेल्या तासांत रिसीव्हरांच्या नादी लागायचं.

ह्यूस्टनचा तो टॅकल आला. एक वर्ष रेडशर्ट, एक वर्ष बाक, तिसऱ्या वर्षी अर्धा वेळ, आणि चौथ्या वर्षी ८७ होऊन लेफ्ट टॅकलवर उभा. त्या सीझनमध्ये माझी लाइन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आमच्या कॉलेजांच्या गटात, सगळ्यात भक्कम होती. कॉन्फरन्सच्या फायनलला शेवटचे सहा सेकंद, आम्ही एका गुणाने मागे, ३८ यार्डांवरून फील्ड गोल मारायचा, म्हणजे लाथेने बॉल खांबांमधून घालायचा, की जिंकलो. मी निवांत होतो. मावसभाऊही कॉलवर होता.

"दादा," तो म्हणाला, "किक मारायला हा पंटर का आलाय?"

मी शीट उघडून पाहिली. किकरची ओळ मी घातलीच नव्हती.